मधलं नाव
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मराठी माणसाच्या नावात तीन शब्द असतात. पहिला त्याचा स्वतःचा, शेवटचा आडनावाचा आणि मधला बापाचा. शाळेचा दाखला असो, रेशनकार्ड असो की कारखान्यातलं हजेरीपुस्तक, टेबलामागचा कारकून मान वर न करता विचारतो, 'पूर्ण नाव?' पूर्ण म्हणजे बापासकट. महाराष्ट्रातल्या आम्हा मुसलमानांच्या घरांतही हीच रीत रुळली आहे. उत्तरेकडच्या एका कविमित्राला याचं भारी नवल वाटतं. त्याच्या नावात बाप कुठंच नाही. तो मला म्हणतो, 'तुम लोग वालिद को हर फॉर्म में साथ ले के घूमते हो.' खरं आहे. घेऊन हिंडतो.

आज या मधल्या नावाविषयीच बोलायचं आहे, एका कामगाराच्या निमित्ताने. त्या कामगाराचं नाव गंगाराम कुशाजी सुर्वे. मूळचे कोकणातले, पोटासाठी मुंबईला आलेले. एका लोकरीच्या गिरणीत साचेखात्यात कामाला होते. त्यांची बायको काशीबाई, तीही गिरणीतच राबणारी. १९२६ साली मुंबईच्या गिरणगावात रस्त्यावर टाकून दिलेलं एक तान्हं मूल गंगारामांना सापडलं. त्यांनी ते उचललं आणि घरी आणलं. नवराबायकोनं त्याला वाढवलं, शाळेत घातलं, आणि शाळेच्या पटावर नाव लागलं : नारायण गंगाराम सुर्वे.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. याच मुलानं मराठी कवितेत गिरणगाव आणलं. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली आलं, 'माझे विद्यापीठ' १९६६ साली. १९९५ च्या परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यावर भाषणं पुष्कळ झाली, पुढेही होतील. मला आज मुलाविषयी थोडं आणि बापाविषयी जास्त बोलायचं आहे, कारण बापाविषयी कुणी फारसं बोलत नाही. बोलणार तरी काय? गंगारामांनी काही लिहून ठेवलं नाही. त्यांची म्हणून जी एक कृती आपल्याला ठाऊक आहे, ती म्हणजे वाकून एक मूल उचलणं.

ही कृती जरा जवळून बघू या. १९२६ सालचा गिरणीकामगार म्हणजे कोण? चाळीतली एक खोली, तीत कधी कधी दोन-दोन बिऱ्हाडं. पगार महिन्याच्या महिन्याला, पण खाडा झाला की कापला जाणार. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा आला १९५२ साली, कामगार विम्याचा १९४८ साली, ग्रॅच्युइटीचा तर थेट १९७२ मध्ये. कामावर मेला किंवा लुळा झाला तर भरपाई देणारा कायदा मात्र १९२३ पासून होता; त्याचा अनुभव पुढे सांगणार आहे. म्हणजे गंगारामांच्या पाठीशी दोन हात आणि एक बायको, एवढंच होतं. अशा माणसानं रस्त्यावरचं मूल घरात आणलं, तेव्हा एक ताट वाढलं, आणि मिळकत तीच राहिली.

आणखी एक गोष्ट. ते मूल कुणाचं, हे गंगारामांना माहीत नव्हतं. नारायण सुर्व्यांना स्वतःलाही अखेरपर्यंत कळलं नाही. हिंदूचं की मुसलमानाचं, कुठल्या जातीचं, काही पत्ता नाही. आपल्याकडे पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधी माणसं आडनाव विचारून घेतात. तिथं एका साचेवाल्यानं काहीही न विचारता आपलं आडनावच देऊन टाकलं, आणि मधे आपलं स्वतःचं नाव घातलं. मला हे पद्मश्रीपेक्षा मोठं वाटतं. सुर्व्यांनाही वाटत असावं. २००२ साली अरुण खोपकरांनी त्यांच्यावर माहितीपट केला, त्याचं नावच 'नारायण गंगाराम सुर्वे' असं तिन्ही शब्दांचं आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. 

मी खोपोलीला राहतो. खोपोलीचा आणि गिरणगावचा काय संबंध, असं कुणाला वाटेल. संबंध विजेचा आहे. लोणावळ्याच्या बाजूला घाटमाथ्यावर वळवण, शिरवता अशी धरणं बांधून टाटांनी पावसाचं पाणी अडवलं, आणि ते जाड नळांतून डोंगराच्या अंगावरून सतराशे फुटांच्या आसपास खाली सोडलं, ते आमच्या खोपोलीत. कोनशिला १९११ ची. १९१५ साली इथून मुंबईला वीज गेली. ती मुख्यतः गिरण्यांसाठीच होती. जमशेदजींची ही कल्पना, पण ते १९०४ मध्येच गेले होते. तेव्हा गिरणीत साचे फिरत होते ते पुष्कळ ठिकाणी आमच्या डोंगरावरून पडलेल्या पाण्यावर. आणि वीज करून झाल्यावर तेच पाणी पाताळगंगेला मिळतं, म्हणून आमची नदी उन्हाळ्यातही वाहते. आम्ही लहानपणी त्या नळांकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगायचो, 'यातून मुंबई जाते.' पाहुणे हसायचे. 

तशी खोपोली पहिल्यापासून दुसऱ्यांना वर चढवणारी. १८५६ साली आगगाडी इथवर आली आणि घाटापाशी थांबली. १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग पुरा होईपर्यंत लोक इथं उतरून पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढायचे. त्यानंतर मुख्य गाडी पळसदरीवरून परस्पर वर गेली आणि आम्ही फाट्यावरचे झालो. आजही कर्जतहून केळवली, डोलवली, लौजी करत लोकल येते आणि खोपोलीला संपते. पुढे रूळ नाहीत, समोर डोंगर आहे.

आता गंगारामांकडे परत. त्यांच्या गोष्टीत एक जागा अशी आहे, की तिथं गौरव करणारे जरा घाईनं पुढे सरकतात. १९३६ च्या सुमाराला गंगाराम गिरणीतून निवृत्त झाले आणि काशीबाईंना घेऊन कोकणात आपल्या गावी गेले. नारायण तेव्हा दहा-अकरा वर्षांचा, चौथी पास. त्याला मुंबईतच ठेवलं. जाताना त्याच्या हातावर दहा रुपये ठेवले. 

कॉलेजात असताना ही हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला राग आला होता. उचललं कशाला मग, असं वाटलं. आज, स्वतः दोन मुलांचा बाप झाल्यावर, त्या दहा रुपयांचा हिशोब वेगळा लागतो. निवृत्त गिरणीकामगाराला त्या काळी पेन्शन नाही, फंड नाही. सगळी हयात साच्यापुढे घालवून माणूस गावी जायचा तो छातीत कोंडा आणि हातात एक वळकटी घेऊन. गावात भाताची खाचरं असलीच तर दोन. तिथं हा मुलगा नेऊन त्याचं काय होणार होतं? मुंबईत निदान काम मिळालं असतं. आणि दहा रुपये ही त्या घरातली लहान रक्कम नव्हती. मी गंगारामांची वकिली करत नाही. मुलाला ते कसं वाटलं असेल ते वाटलंच असेल. पण गरिबाच्या मायेला शेवटी गाडीभाड्याची मर्यादा असते, हे आपण विसरलो तर गंगारामांची तसबीर होईल, माणूस राहणार नाही.

मुलगा रस्त्यावर आला, पण या खेपेला त्याच्याजवळ तीन शब्दांचं नाव होतं आणि चौथीपर्यंतची अक्षरं होती. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, हमाल, गिरणीकामगार, शाळेतला शिपाई अशी कामं करत तो पुढे सातवी झाला आणि ज्या महापालिकेच्या शाळांत घंटा दिली होती तिच्याच शाळेत मास्तर झाला. कृष्णाबाईंशी लग्न झालं. कृष्णाबाईंचं आत्मकथन 'मास्तरांची सावली' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. कवीच्या घरात चूल कोण पेटवतं ते त्यात आहे. आयुष्याच्या शेवटच्या काळात सुर्वे नेरळला, म्हणजे आमच्या शेजारच्या कर्जत तालुक्यात येऊन राहिले. १६ ऑगस्ट २०१० रोजी ठाण्यात ते गेले. नेरळ आमच्या लोकलच्या वाटेवर आहे. मी त्यांना दोन-तीनदा व्यासपीठावर ऐकलं, जवळ जाऊन बोलायचं धाडस कधी झालं नाही. पण त्यांच्या कवितेतला दाऊदचाचा, तो अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा, मला आमच्या गल्लीतला वाटायचा. मराठी कवितेत आपल्यासारखं बोलणारा माणूस चालतो, हे मला त्या दाऊदचाचानं सांगितलं. तोवर मी कवितेत 'तव' आणि 'मम' लिहीत होतो.

इथं मला एक अवघड गोष्ट बोलायची आहे, आणि ती मी मुसलमान म्हणूनच बोलू शकतो. गंगारामांनी जे केलं ते आमच्या शरियतीत बसतं का? अर्धं बसतं. अनाथाला, म्हणजे यतीमाला, सांभाळणं हे आमच्याकडे फार मोठं पुण्य मानलेलं आहे. पैगंबर स्वतः यतीम होते. यतीमाला सांभाळणारा जन्नतमध्ये माझ्या इतका जवळ असेल, असं सांगताना त्यांनी हाताची दोन बोटं जोडून दाखवली, अशी हदीस आहे. पण मधलं नाव? ते मात्र बदलायचं नाही. पैगंबरांनी जैद नावाच्या एका गुलाम मुलाला मुक्त करून मुलासारखं वाढवलं होतं. त्याचा खरा बाप त्याला शोधत मक्केपर्यंत आला, तेव्हा जैदनं परत जायला नकार दिला. लोक त्याला मुहम्मदांचा मुलगा म्हणूनच ओळखत. पुढे कुराणात आज्ञा आली, की अशा मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावानं हाक मारा. मग जैद पुन्हा हारिसाचा मुलगा झाला. पैगंबरांची त्याच्यावरची माया तसूभरही उणी झाली नाही. आणि बाप कोण हेच ठाऊक नसेल तर? तर ती मुलं तुमचे दीनी भाऊ आहेत, असं त्याच आयतीत पुढे आहे.

तरुणपणी मला ही आज्ञा कोरडी वाटायची. मुलाला पोटाशी धरायचं आणि नाव द्यायचं नाही, हे कसलं? आता देशाचा कायदाही वेगळा आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं. ज्याला घ्यायचं त्यानं घ्यावं, सक्ती कुणावर नाही. ते योग्यच झालं. पण त्या जुन्या आज्ञेतला एक अर्थ मला कुठल्या किताबात सापडला नाही. तो मी माझ्या घरात पाहिला.

माझे अब्बा सोलापूर जिल्ह्यातले. शाहीर अमर शेखांची बार्शी आमच्या गावापासून लांब नाही. त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, हे अब्बांना शाळेत न जाताही माहीत होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. १९७२ च्या दुष्काळात अब्बांनी घर सोडलं. आधी रोजगार हमीच्या खडीवर काम केलं, मग कुणीतरी म्हणालं, घाटाखाली कारखाने आहेत, तिथं माणसं लागतात. मी तेव्हा दोन वर्षांचा. खोपोलीत लोखंडाच्या एका कारखान्यात त्यांना ठेकेदाराकडे हमालीचं काम मिळालं, चार वर्षांनी कायम झाले आणि हेल्पर म्हणून भट्टीच्या खात्यात लागले. कारखान्याचं नाव घेत नाही, गरजही नाही. 

तीन पाळ्यांत आमच्या घराचं घड्याळ फिरायचं. रातपाळी असली की अब्बा पहाटे यायचे, फजरची नमाज पढायचे आणि मग झोपायचे. आम्ही भावंडं दिवसभर कुजबुजत बोलायचो. रमजान मेमध्ये आला तेव्हा भट्टीपुढे रोजा धरणं म्हणजे काय, हे मी त्यांच्या सदऱ्यावरच्या मिठाच्या पांढऱ्या रेघांवरून शिकलो. त्यांचा मुकादम एक माळकरी माणूस होता. रमजानच्या महिन्यात तो अब्बांना दुपारपाळी शक्यतो देत नसे, आणि आषाढीला त्याला सुटी हवी असली की अब्बा त्याच्या जागी डबल पाळी करायचे. याला सलोखा वगैरे कुणी म्हणत नव्हतं. ती आपापसातली सोय होती. 

आमच्या शेजारच्या खोलीत खानदेशातला एक कामगार राहायचा. बायको बाळंतपणात गेलेली, एक मुलगा. १९८१ साली कारखान्यात क्रेनवरून माल सुटला आणि तो त्याखाली गेला. मुलगा आठ वर्षांचा होता. मी अकरा. दिवस झाले, चुलता आला. कोरडवाहू पाच एकर, स्वतःची चार पोरं. तो रात्रभर आमच्या ओट्यावर बसून रडला. सकाळी म्हणाला, 'भाऊ, एक वरीस ठेवा, मी काही तरी करतो.' अब्बांनी आत अम्मीकडे बघितलं. ती पीठ मळत होती. ती एवढंच म्हणाली, 'दो के तीन हुए, और क्या.' 

ते एक वर्ष सात वर्षं चाललं. चुलत्याला मी दोष देत नाही. दर दिवाळीला त्याचं कार्ड यायचं आणि एकदा तर तो डोक्यावर शेंगांचं पोतं घेऊन आला होता. 

पोराला शाळेत घालायची वेळ आली. वडिलांच्या नावावर खोली नाही, कागद नाहीत. गुरुजींनी सरळ मनानं सुचवलं, की तुमचंच नाव बाप म्हणून लावून टाका, पुढची कटकट वाचेल. आमच्या मोहल्ल्यातही एकदोघांनी तेच म्हटलं, पण त्यांच्या मनात वेगळं होतं : नाव बदला, सुंता करा, तुमचाच होईल, सवाब मिळेल. आणि चाळीतल्या काही लोकांना नेमकी हीच भीती वाटत होती. एका संध्याकाळी चार माणसं येऊन अब्बांसमोर बसली, चहा प्याली, आणि कशासाठी आलो ते न सांगताच उठली. अब्बांना कळायचं ते कळलं.

त्यांनी काय केलं? दुसऱ्या दिवशी शाळेत गेले आणि फॉर्मवर मुलाचं तिन्ही शब्दांचं नाव होतं तसं लिहायला लावलं. मधे त्याच्या बापाचं. खाली 'पालक' म्हणून स्वतःचं. सही त्यांना उर्दूत येत होती, मराठीत नव्हती. गुरुजी म्हणाले, चालेल. घरी येऊन अम्मीला म्हणाले, 'उसका बाप मरा है, नाम नहीं मरा.' तेव्हा मला जैदची गोष्ट माहीत नव्हती. अब्बांनाही ती किताबातून नव्हे, जुम्म्याच्या बयानातून कानावर पडलेली. पण ती कुठं लावायची ते त्यांना बरोबर कळलं होतं.

मग महडचा वरदविनायक. खोपोलीपासून जवळच आहे, अष्टविनायकांपैकी. त्या मुलाचा बाप दर चतुर्थीला तिथं जायचा. अब्बांनी कधी धर्माची चर्चा केली नाही. पाळी जुळली की चतुर्थीला मुलाला सायकलच्या दांडीवर बसवून महडला घेऊन जायचे. मीही मागे कॅरिअरवर असायचो. मुलगा आत जायचा. अब्बा बाहेर झाडाखाली चपला सांभाळत बसायचे. प्रसादाचा नारळ घरी यायचा आणि अम्मी त्याची चटणी करायची. एकदा जमातीतल्या एका बुजुर्गानं अब्बांना टोकलं. अब्बा म्हणाले, 'अमानत है. जैसी मिली वैसी लौटाना.' अमानत म्हणजे सांभाळायला दिलेली ठेव. माझ्या अब्बांची सगळी श्रद्धा या एका शब्दात मावत होती असं मला वाटतं. पगार अमानत, शरीर अमानत, कारखान्याचा हातोडासुद्धा अमानत. पाळी संपली की पुसून जागेवर.

भरपाईचं सांगायचं राहिलं. १९२३ चा तो कायदा. कामगार कामावर मेला तर त्याच्या वारसाला पैसे मिळायचे, पण ते परस्पर हातात देत नसत. आयुक्तांकडे जमा व्हायचे, आणि वारस अज्ञान असेल तर त्याच्या नावानं गुंतवून ठेवायचे. कायदा चांगला होता. पण पैसे जमा होईपर्यंत तारखांवर तारखा. ठेकेदार म्हणायचा तो माझा माणूस नव्हताच, कारखाना म्हणायचा आमचाही नव्हता. मेलेल्या माणसाला हे दोघं असे टोलवत राहिले. अब्बा प्रत्येक तारखेला खाडा करून जायचे. रोज बुडायचा, वर एस.टी.चं भाडं. हातात मुलाच्या बापाचं हजेरीचं कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. तीन वर्षं आणि काही महिने लागले. रक्कम मुलाच्या नावावर गेली. घरात तेव्हा माझ्या बहिणीचं लग्न निघालं होतं आणि पैशांची ओढ होती. अर्ज करून मुलाच्या खर्चासाठी थोडे काढता येतात, असं वकिलानं सांगितलंही. अब्बांनी सोसायटीचं कर्ज काढलं. कर्ज फिटायला सहा वर्षं लागली. या सहा वर्षांत मला कॉलेजला जायला नवी पॅंट मिळाली नाही, हे मी तेव्हा फार मनाला लावून घेतलं होतं. बी.ए. मात्र झालो.

मुलगा दहावी झाला, आय.टी.आय.ला गेला, फिटर झाला आणि नाशिककडे नोकरीला लागला. अठरा वर्षांचा झाला तेव्हा त्याचे पैसे त्याच्या हातात आले. १९९२ च्या डिसेंबरनंतर सगळीकडे वातावरण तापलं होतं, तेव्हा एका रात्री तो न कळवता एस.टी.नं आला. काही बोलला नाही, आठ दिवस आमच्या उंबऱ्यापाशी अंथरूण टाकून झोपला आणि रजा संपल्यावर गेला. 

नारायण सुर्व्यांची गोष्ट आणि ही गोष्ट मी शेजारी ठेवतो तेव्हा दोन बाप दिसतात. एकानं अनोळखी मुलाला आपलं नाव दिलं, कारण त्या मुलाजवळ नाव नव्हतं. दुसऱ्यानं दिलं नाही, कारण त्याच्याजवळ होतं. यातलं थोर कोणतं, असा प्रश्न मला पत्रातून कुणी विचारू नये. मला उत्तर येत नाही. दोघंही पाळीवर जाणारी माणसं होती. दोघांपाशी उदार व्हायला पुरेल एवढे पैसे कधीच नव्हते. १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईतल्या अडीच लाख गिरणीकामगारांनी संप केला आणि तो संप जणू संपलाच नाही, तेव्हा अशी किती घरं विस्कटली. त्या घरांत शेजाऱ्याची, भाच्याची, मेलेल्या दोस्ताची मुलं किती वाढत होती, हे कुठल्या अहवालात आलेलं नाही. येणार कुठून? रेशनकार्डावर त्यांची नावं नसायची. ताटं असायची.

अब्बा १९९८ मध्ये निवृत्त झाले. त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली, फंड मिळाला. गंगारामांपेक्षा त्यांचं नशीब बरं. मधल्या साठ वर्षांत कामगारांनी लढून कायदे करून घेतले होते. पुढच्याच वर्षी त्या मुलाचं लग्न ठरलं. तो स्वतः पत्रिका घेऊन खोपोलीला आला. वर गणपतीचं चित्र, खाली 'कैलासवासी' लिहून त्याच्या वडिलांचं पूर्ण नाव, 'यांचे चिरंजीव' म्हणून त्याचं. निमंत्रकांच्या रकान्यात पहिलं नाव चुलत्याचं होतं, दुसरं माझ्या अब्बांचं. 

अब्बांना तोवर मराठी अक्षरं जुळवून वाचता यायला लागली होती. नातवंडांच्या अंकलिपीवर शिकले होते. चष्मा लावून, बोट फिरवत त्यांनी पत्रिका पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. आम्ही सगळे गप्प. मुलाच्या बापाच्या नावावर बोट थांबलं, पुढे गेलं. आपल्या नावाशी आलं. तिथं छापणाऱ्यानं एक काना जास्तीचा टाकला होता. मुलगा ओशाळून म्हणाला, 'चाचा, चुकलं हो, दुसऱ्या छापून आणतो.'

अब्बांनी पत्रिका घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. म्हणाले, 'रहने दे. पैसा मत बिगाड.' आणि अम्मीला चहा टाकायला सांगितला.